नकारानंतरची आखाजी

भडगावच्या बाजारात प्रमिला बांगड्या भरायला बसली होती. साबेरा कासारणीच्या हातात तिचा हात, आणि समोर अचानक — पंडित! तिला पाहताच तो गर्रकन वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"भिंत बघायला आलात का?" प्रमिलाने विचारलं.

"नकार आल्यावर मुलीपुढे तोंड घेऊन फिरू नये, असं आमचे आबा म्हणतात."

नकार तिनेच दिला होता. माघात तिला पाहायला आला, आणि नवरदेव लोडाला टेकून चक्क झोपला! पाचोऱ्याच्या जिनात कापूस उतरवून रात्रभर गाडी हाकत आला होता, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर तिच्या वडिलांनी, रुपचंदनानांनी, "यंदा मुलीचं करायचं नाही" असा गोड निरोप धाडलाही होता.

"मग... पुन्हा विचारायचंच नाही का कुणी?"

"एकदा विचारलं तर मागणी. दुसऱ्यांदा विचारलं तर पिच्छा. मुलीकडून इशारा यावा लागतो." पाठमोऱ्या पंडितचे कान मात्र लाल झाले होते.

"वा भाऊ!" साबेरा हसली. "आणि मुलीनं तोंड उघडलं, तर गाव तिला जगू देईल?"

प्रमिलाने बांगड्यांसाठी दुसरा हात पुढे केला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की चाळीसगावचे लोक तिची सुपारी फोडायला येणार होते. पंडितकडून पुन्हा विचारणं आलं तरच नाना ती थांबवणार. आपणहून कुठल्या तोंडाने सांगायचं त्यांना?

आखाजीला गौराई बोळवायला दोन्ही काठांच्या पोरी गिरणेवर आल्या. त्या दिवशी पाण्याआडून एकमेकींच्या गावाला मनसोक्त शिव्या घालायच्या. राग कुणी धरायचा नाही, चुगली घरी न्यायची नाही. प्रमिला असेपर्यंत भडगाव कधी हरलं नव्हतं. समोर, पलीकडच्या गावच्या काठावर, बहिणींच्या मागे... पंडित!

तिने पदर खोचला.

"ओ झोपाळूसहोन! तुमना गावना पोऱ्या एक नकारले घाबरस! परत इचारानी हिंमत नही शे त्याले!"

हशा उसळला. पंडितने धोतर वर घेतलं, पाण्यात उतरला, आणि बरोब्बर मध्यावर थांबला.

"ही शिवी, की इशारा?"

"ज्याला जे समजेल ते!"

"मग एकदाच विचारतो. नको म्हणालात तर इथूनच मागे, पुन्हा कधी नाही. — नानांच्या दारी येऊ?"

एवढी तोंडाळ प्रमिला, पण खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचू लागली. मैत्रिणीने, बेबाने, कोपर मारलं. "तुना तोंडले काय व्हयनं वं? बोल ना!"

"...या."

"ऐकू नाही आलं!"

"या म्हटलं ना! उद्याच या — चाळीसगावचे यायच्या आत!"

पलीकडच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. "भडगाव हारनं! भडगाव हारनं!"

बेबाने कपाळाला हात लावला. "आमनं नाक कापं वं तू! आते पुढली आखाजीले माहेर येशी ना, तव्हय याच काठवरतीन सासरले दोन शिव्या जास्त घाल!"

प्रमिलाने पाण्यात उभ्या असलेल्या त्या वेड्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"त्यासले सोडीसन," ती हळूच म्हणाली, "बाकी बठ्ठा गावले घालसू."