पर्ल चारचा एकच वापरकर्ता

बारामतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या मेघनाला जुनं काही टाकवत नसे, पण १९९८च्या डिसेंबरात तिनं मन घट्ट केलं. नद्यांच्या पातळीच्या नोंदी मेलनं गोळा करून आलेख काढणारा तिचा प्रोग्राम मूळ कोडसकट फुकट होता. चार देशांतले लोक तो वापरत. तो लिहिलेला होता पर्ल या भाषेत. त्या भाषेची पाचवी आवृत्ती येऊन चार वर्षं झाली, तरी चौथीवर अडून बसलेल्यांपायी मेघनाचे रविवार दुरुस्त्यांत जात. आता ते तिला अप्पांसाठी हवे होते. तिचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून फारच गप्प झाले होते.

तिनं सगळ्यांना कळवलं, एक जानेवारीपासून पर्ल चार बंद. कोणी वापरत असेल तर आधी लिहा. कोणी बोललं नाही तर जुना कोड खुशाल कापायचा, अशी फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींची रीत.

दोन आठवडे कोणी चकार शब्द काढला नाही. मेघना जाम खूश होती.

मग एकोणतीस तारखेला सकाळी आठला मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी.

'केंद्र १७. पातळी ०.८५ मीटर. वाचक सोनबा. बदली माणूस आलेला नाही. नोंदी बंद करू नयेत.'

खाली प्रोग्रामनं आपणहून जोडलेली ओळ होती, पर्ल चार. कुणा विद्यार्थ्याचा चावटपणा म्हणावा, तर कॉलेजात पर्ल चार उरलंच नव्हतं. मेल कुठून निघाली ते तिनं शोधलं. पहिल्या मशीनच्या नावाची जागा कोरी होती.

तिनं अप्पांना हसत हसत वाचून दाखवलं. अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सतरा नंबर भिगवणच्या खालच्या अंगाला. पात्रातली पट्टी वाचायला आमी दोघं हुतो, मी आन् सोनबा."

"मग आता तिथं कोण असतं?"

"कोन न्हाय. धरन भरलं, वीस वर्सं झाली. चाळीस फूट पानी हाय वर." त्यांनी बशी दूर सारली. "पानी चढाय लागलं तवा मी त्याला म्हनलं, मी होडी घिऊन येतो, तवर तू रीडिंग घेत ऱ्हा. मला होडी मिळाली न्हाय. सोनबाबी मिळाला न्हाय."

मेघनाला गलबलून आलं. एवढं ओझं घेऊन वावरणाऱ्या माणसाला ती कडधान्यं निवडायला बसवत होती.

दुसऱ्या दिवशी आठला तीच मेल आली. पातळी ०.८४.

"डिसेंबरात भीमेला एवढंच असायचं," अप्पा म्हणाले. "तुजं ते बंद करू नगंस. आन् त्याला लिही, बदली येतोय."

तिनं लिहिलं. पर्ल चार चालू राहील, असंही सगळ्यांना कळवलं.

एक जानेवारीला अप्पा पहिल्या एसटीनं भिगवणला गेले. आठला मेल आली.

'केंद्र १७. पातळी ०.८४. वाचक अप्पा. सोनबा सुटला.'

दुपारपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. अप्पा आले ते पिशवीभर मासळी घेऊन, गुणगुणत.

"अप्पा, तुम्ही होता कुठं?"

"ड्यूटीवर. आता रोज जायाचं."

"आणि परत?"

"तुजं ते जुनं चालू हाय तवर येतोय की. मसाला जरा जास्त घाल."

ते रोज जाऊ लागले, रविवारीसुद्धा. पण घरी आले की बोलत, जेवत, हसत. इतके आनंदी अप्पा मेघनानं लहानपणापासून पाहिले नव्हते. पर्ल चारचा कोड ती आता स्वतःहून दर रविवारी तपासायची.

फेब्रुवारीत अप्पांना ताप आला.

पहिली एसटी गेली, तरी ते अंथरुणातच होते. मेघना रात्रीपासून उशाशी होती. ते जागचे हलले नव्हते.

आठला संगणक वाजला.

'केंद्र १७. पातळी ०.६२. वाचक अप्पा.'

मेघना उठली. त्यांच्या पायांवरची चादर सरकली होती, ती सारखी करायला वाकली.

पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.