ठरवून दिलेला प्रश्न

“फुकट आहे, घे ना!” एलिनाने टी-शर्ट पुढे केला.

“नको. फुकट द्यायचं काम माझं आहे,” तो हसला.

परळच्या हॉटेलात तंत्रज्ञान परिषद भरली होती. फुकटचं ते पौष्टिक म्हणत जो तो एलिनाच्या कंपनीच्या स्टॉलवर पिशव्या भरत होता, आणि हा एकटा नको म्हणत होता! फणसवाडीचा विहंग. जुन्या मराठी छापील पानांवरची अक्षरं वाचणारा प्रोग्राम त्याने वर्षानुवर्षं खपून लिहिला होता आणि कोणीही वापरावा म्हणून खुला ठेवला होता. आता तो एलिनाच्या कंपनीच्या हवाली करायला तो आला होता.

संध्याकाळी दोघं दादरपर्यंत चालत गेली.

“उद्या आमच्या देवदत्त सरांच्या भाषणानंतर एवढंच विचार – हे कायम खुलं राहील का?” एलिना म्हणाली.

“ठरवून विचारायचं? नाटकच की गं!”

“विचार ना रे... माझ्यासाठी.”

फुलबाजारातल्या उजेडात तो कानापर्यंत लाल झाला. “तुझ्या कंपनीवर नाही, पण तुझ्यावर भरवसा आहे.”

एलिना हसली. वर्षभरात त्या प्रोग्रामला कुलूप लागणार, पैसे मोजल्याशिवाय तो कुणाला मिळणार नाही, हे तिने सकाळच्याच मीटिंगमध्ये ऐकलं होतं. नोकरी नवी होती आणि घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिला स्वतःची किळस आली, तरी ती हसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचे साहेब, देवदत्त, यांचं भाषण झालं. कंपनीने पैसे भरून मिळवलेली वेळ, तीही जेवणाच्या आधीची, म्हणजे लोक पळणार कुठे! ‘ओपन सोर्स, सगळं सगळ्यांना खुलं, हा आमचा श्वास आहे’ म्हणून झालं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात ते असे. आता ठरल्याप्रमाणे विहंगचा प्रश्न, साहेबांचं ‘कायम!’, टाळ्या, आणि मग प्रोग्राम कंपनीला देण्याच्या करारावर स्टेजवर त्याची सही.

एलिना माईक घेऊन त्याच्यापाशी गेली. त्याने हात पुढे केला, बोटांना बोटं लागली... आणि तिने माईक सोडलाच नाही.

“सर, वर्षभरात तुम्ही हे बंद करणार आहात. काल मीटिंगमध्ये ठरलंय. तेही सांगा ना यांना.”

देवदत्त उगाच हसले आणि त्यांनी घाईघाईने पाणी मागितलं. एलिना बाहेर आली.

विहंग मागोमाग आला. “काल फुलबाजारात... तुला माहीत होतं?”

आज सकाळी कळलं, एवढंच तिने म्हटलं असतं तरी तो राहिला असता.

“माहीत होतं.”

“हसत होतीस, तेव्हाही?”

“हो. आणि तू मला आवडत होतास... तेव्हाही.”

त्याचे डोळे भरून आले. “मलाही तू – ” तो अडखळला. “माझं काम वाचवलंस, एलिना. पण आता तू हसलीस की मला भीती वाटेल गं.”

जेवायला न थांबता तो जिना उतरून गेला. एलिनाला त्याला हाक मारायची होती, पण कोणत्या तोंडाने मारणार?