तोंड बाहेर

पिपलानीतलं आईबाबांचं क्वार्टर कंपनीला परत करण्याआधी वसुधानं ते कॅमेऱ्यानं टिपून घेतलं. विद्यापीठात तिचं संशोधनच ते होतं: डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोरच्या खोट्या घरात आपण खरंच आलोय, असं माणसाला कितपत वाटतं?

फॉर्म भरताना माणसं खरं सोडून सगळं लिहितात. म्हणून तिनं साधी युक्ती केली होती. प्रयोगशाळेच्या फरशीवर लाल पट्टी चिकटवली. पट्टीशी आलं की हेडसेटमध्ये क्वार्टरचा उंबरठा दिसे. न सांगता जो तिथे चपला काढेल, तो खरा आत गेला. एकोणीस जणांपैकी चौदांनी काढल्या. तिचे गाईड जाम खूश.

एकच गोष्ट तिला खटकत होती. माणूस आत फिरून येईपर्यंत त्याच्या चपला नीट जोडलेल्या असत, तोंडं बाहेर करून.

"शंकरभैया, तुम्ही ठेवता का या?"

"मैं तो हाथ भी नहीं लगाता, मॅडम," शिपाई म्हणाला.

आई अश्शाच ठेवायची. पाहुण्यांच्या चपलांची तोंडं बाहेर, घरच्यांच्या चपलांची आत. लग्नानंतर वसुधा पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा तिच्याही चपलांची तोंडं बाहेर झाली होती. ती रडलीच. "अगं, रीत असते," आई हसून म्हणाली होती. आईला जाऊन आठ महिने झाले होते, तरी ते बोचायचं राहिलं नव्हतं.

तिचे वडील दिगंबरराव आता नेहरू नगरला तिच्याकडेच राहत. जेवण त्यांनी जवळपास सोडलं होतं. "घरी ने मला," एवढंच म्हणत. घर दिसलं तर चार घास तरी पोटात जातील, या आशेनं एका दुपारी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आली.

लाल पट्टीशी त्यांनी चपला काढल्या आणि ते पुढे गेले. त्यांना दिसणारं सगळं तिला पडद्यावर दिसत होतं: बैठकीची खोली, दिवाण, स्वयंपाकघराचं बंद दार. टिपताना ते दार उघडायचंच राहून गेलं होतं. त्याच्यामागे तिनं काहीही बनवलं नव्हतं.

दिगंबरराव नेमके तिथेच थांबले.

"बाबा, तिकडे काही नाहीये..."

"हळू बोल. ती पोहे परततेय."

एसीच्या गार हवेत कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला.  वसुधानं खाली पाहिलं. बाबांच्या चपलांची तोंडं आत होती. तिनं वाकून ती बाहेर केली.

"बाबा, चला. निघू या आता."

"तू हो पुढे. मी जेवूनच..."

पुन्हा पाहिलं, तर तोंडं आतच. मग मात्र तिचा धीर सुटला. धावत जाऊन तिनं त्यांच्या डोळ्यांवरचा हेडसेट काढला. पडदा काळा झाला. बाबांचे डोळे मिटलेले होते. किती हाका मारल्या, हलवलं, पण ते काही उघडेनात. तोंड तेवढं हळूहळू चावत होतं, चेहऱ्यावर समाधान होतं.

"शंकरभैया!" ओरडत ती दाराकडे वळली आणि पायांना फरशी गार लागली. आपण चपला कधी काढल्या, तिला आठवेना.

तिच्या चपला पट्टीपलीकडे, बाबांच्या चपलांशेजारी, नीट जोडून ठेवलेल्या होत्या. त्यांची तोंडं बाहेर होती.