कोरडं आसन

सकाळी पहिलं काम म्हणजे दालनातले जुने लव्हाळे काढून नवे अंथरायचे. ते टेटा करत होती. टेटा माझ्या माहेरची म्हातारी दासी, लग्नात माझ्याबरोबर आलेली. मी धुरावर टांगलेले वाम मासे फिरवत होते.

"छप्पर गळतंय, बाई," ती म्हणाली.

"पाऊस कुठाय?"

"मग हे बाकडं ओलं कशानं झालं?"

मी हात लावून पाहिला. पाणी काळपट होतं, आणि त्याला दलदलीचा कुजका वास होता. उजव्या भिंतीचं ते बाकडं. माझा भाऊ हुनवाल्ड आणि त्याची माणसं मुक्कामाला असताना तिथेच बसत.

माझा नवरा विगबर्ट वेलंड नदीकाठचा राजा. राजा म्हणजे काय, उंचवट्यावरची चार गावं आणि भोवती दलदल. आजूबाजूची अशी राज्यं मर्सिया या शेजारच्या बलाढ्य राज्याने एकेक करून गिळली होती. आमची पाळी आली तेव्हा विगबर्टने हुनवाल्डला मदतीला बोलावलं. तो माझ्या माहेरच्या टेकडीवरून आपली सगळी माणसं घेऊन उतरला, दोन दिवस आमच्याकडे जेवला, प्याला. मग सगळे मिळून दलदलीतल्या फळ्यांच्या रस्त्याने मर्सियाची वाट अडवायला गेले.

परत आला तो एकटा कुथविन. विगबर्टचा मानलेला भाऊ.

"कुणीच उरलं नाही, वहिनी," एवढंच तो म्हणाला. त्याचा भाला स्वच्छ होता.

धनी मेल्यावर जिवंत परतणाऱ्याला आमच्याकडे कुणी तोंड दाखवू देत नाही. मी त्याच्यासमोर थुंकले. तेव्हापासून तो दाराशी, जिथे गडीसुद्धा बसत नाहीत, तिथे बसायचा. पण गेला नाही. मर्सियाचे लोकही आले नाहीत, याचं मला नवल वाटायचं.

दुसऱ्या सकाळी ओल पुढच्या जागेपर्यंत आली होती. मग त्याच्या पुढच्या. कोण कुठे बसायचं ते मला पाठ होतं. दारात अडखळणारा तो जाडा, गाणारे दोघे जुळे, आणि शेवटी माझ्या खुर्चीला लागून असलेली हुनवाल्डची जागा. तिथे ओल इतकी होती की लव्हाळे तरंगायला लागले.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ते कुथविनसाठी आले आहेत, असं मी धरून चालले.

जेवणाच्या वेळी मी मधाच्या दारूचा पेला घेऊन त्या रिकाम्या बाकड्यापाशी फिरू लागले. प्रत्येक जागेपुढे पेला धरायचा आणि थोडं थांबायचं. उचलून घेताना तो हलका लागायचा. हुनवाल्डच्या जागेशी मी हळूच म्हणायचे, "तो बघ, दाराशी बसलाय."

कुथविनला काही झालं नाही. उलट माझी फेरी सुरू झाली की तो मान खाली घालायचा.

"एक विचारू?" टेटा एकदा म्हणाली. "राजे का येत नाहीत?"

मी वळून विगबर्टच्या आसनाकडे पाहिलं. त्यावरचं मेंढीचं कातडं कोरडं होतं. बोट फिरवलं तर धूळ लागली.

मी सरळ कुथविनपाशी गेले.

"तो कुठाय?"

"वहिनी, मी शपथ घेतलीय."

"कुणाजवळ? मेलेल्याजवळ?"

"मर्सियाला तुमच्या माहेरची टेकडी हवी होती," तो शेवटी म्हणाला. "हुनवाल्ड असेपर्यंत ती मिळाली नसती. दाट धुकं होतं. विगबर्टने हुनवाल्डला आणि त्याच्या माणसांना फळ्यांवरून खाली उतरवलं. म्हणाला, इथून जवळ पडतं, जमीन घट्ट आहे. आम्ही वरच उभे होतो."

"आणि तू?"

"हाका ऐकल्या. विगबर्ट आपली माणसं घेऊन मर्सियाकडे गेला, मला घर सांभाळायला पाठवलं." मग म्हणाला, "ते इथे येतात ते मला दिसतं, वहिनी. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

थंडी सरायच्या आत विगबर्ट आला. बरोबर मर्सियाचे घोडेस्वार, अंगावर नवा लाल झगा. चांगला भरला होता.

"बारीक झालीस गं," तो म्हणाला.

मी त्याच्या झग्याकडे बघत राहिले.

"अशी बघू नकोस. राज्य गेलं, घर राहिलं. त्यांच्या हाताखाली का होईना, आपण आहोत. तुझ्यासाठीच केलं सगळं."

तो आसनावर बसला. घरधनीण म्हणून पेला मीच द्यायचा होता. दिला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि शेजारी कुणी नसताना म्हणाला, "सरका जरा."

स्वार हसले.

"अरे, सरका ना. केवढे गार आहात."

कुथविन दाराशी उठून उभा राहिला. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला.

विगबर्ट उठला. दोन्ही बाजूंनी कुणी धरावं तसा, हात अंगापासून दूर ठेवून चालला. बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं. स्वारांना वाटलं चढली, कुणी अडवलं नाही.

मी फाटकापर्यंत गेले.

तो फळ्यांच्या रस्त्यावर पोचला होता. डावीउजवीकडे बघत काहीतरी समजावून सांगत होता. मध्येच थांबला. खाली उतरला.

पाणी गुडघ्याला आलं. मग कमरेला. तो ओरडला नाही.

छातीपर्यंत पाणी आल्यावर त्याने तोंड माझ्याकडे वळवलं.

"पाणकोंबडे, येतेस ना?"

दलदलीतलं स्थळ ठरलं तेव्हा हुनवाल्डने मला चिडवायला ठेवलेलं नाव होतं ते. विगबर्टच्या कानावर ते कधी पडलं नव्हतं. आणि आवाजही विगबर्टचा नव्हता.

मेलेल्याच्या हाकेला ओ द्यायची नसते. टेटाने मागून माझं तोंड दाबायला हात पुढे केला.

तोवर मी ओ देऊन बसले होते.