वाघजाईच्या घळीतला वाटाड्या

मार्गशीर्षातल्या त्या पहाटे उंबरगडाच्या बुरुजांवर अजून उन्हाची तिरीप पडली नव्हती, आणि गडाच्या उत्तर अंगाला सांबरी नदीने कातळ कापून केलेल्या रानगच्च घळीत तर धुकं असं दाटलं होतं, की दोन हातांवरचं माणूस दिसू नये. गनिमाच्या वेढ्याला तीन महिने झाले होते. दाणागोटा सरत आला, तेव्हा किल्लेदार बयाजीरावांनी गडावरची अठरा बायकामुलं चोरवाटेने घळीत उतरवून पलीकडच्या ठाण्यात पोचवायचं ठरवलं, आणि तो भार टाकला आपल्या पत्नीवर, सगुणाबाईंवर. त्यांची स्वतःची दोन लेकरंही त्या अठरांत होती. निरोप देताना किल्लेदार एवढंच म्हणाले, "डोळ्यांत तेल घालून चाला."

सगुणाबाईंनी तेल घातलं होतं खरं, पण ते सगळं एकाच माणसासाठी. दौलोजी वरपे सहा आठवड्यांपूर्वी गनिमाची चाकरी सोडून गडावर आपल्या घरच्यांकडे आला होता. असा आलेला माणूस परत जायला कितीसा वेळ? म्हणून बाईंनी त्याला मुद्दाम पुढे ठेवलं होतं. तो खोकला तरी त्यांना ती खूण वाटे, वळणाशी थबकला तरी पदराआडच्या कट्यारीवर बोटं घट्ट होत. वाटाड्या हैबती कोळ्याची मात्र त्यांना रतीभर शंका नव्हती. वीस वर्षं हे रान त्याच्याच पायांनी गडाला ठाऊक होतं.

घळीच्या अरुंद तोंडाशी वाघजाईची शेंदरी शिळा होती. येणाऱ्याजाणाऱ्याने तिला हिरवा पाला वाहायचा, आणि पहिला पाला वाटाड्याचा. मागची माणसं माझ्या जिम्म्याची, असा तो देवीसमोर दिलेला शब्द असे. हैबतीने पोरासोरांच्या हातीसुद्धा डहाळ्या दिल्या, आणि स्वतः नुसते हात जोडून पुढे झाला.

सगुणाबाई थांबल्या. "हैबती, तुझा पाला?"

"घाई हाय, बाईसाहेब. धुकं उठंल."

"पाला विसरला म्हणून दोन कोस मागं फिरलेला माणूस तू. वाहा."

त्याने डहाळी मोडली, पण हात शिळेपर्यंत जाईना. धन्याला फसवायला तो तयार झाला होता, देवीला फसवणं त्याच्याच्याने होईना. तो खाली बसला आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"माझी पोर, चंद्री, त्यांच्या गोटात हाय. फुडं उतारावर पंचवीस बंदुका दबा धरून बसल्यात. तुमास्नी तितवर न्यायचं, मग पोर सोडणार."

बाईंची कट्यार बाहेर आली. दौलोजी मध्ये पडला. "बाईसाहेब, आधी त्याला विचारा, दुसरी वाट आहे का?"

"वानरवाट हाय. कड्यावर निघती," हैबती म्हणाला. "पर ती माझ्याबिगर कुनाला ठावी न्हाई."

"उशीर झाला की उतारावरचे वर येतील. इथे एका वेळी एकच माणूस मावतो. मी थांबतो," दौलोजी म्हणाला.

हा त्यांना हाक मारायला तर थांबत नसेल? तेवढ्यातही बाईंच्या मनात आलंच. दौलोजीने ते ओळखलं. "आपली नजर माझ्या पाठीवर आहे, ठाऊक आहे मला. आता तरी मागे न बघता चला."

हैबतीने पाला वाहिला. त्याची किंमत काय, हे त्याला पुरतं कळत होतं. मग आत्ताच आपल्याला विकायला निघालेल्या माणसाच्या मागोमाग, धाकटीला पाठीशी बांधून सगुणाबाई कडा चढू लागल्या. अर्ध्या वाटेवर खाली बंदुका कडाडल्या, बराच वेळ कडाडत राहिल्या आणि थांबल्या. ऊन वर आलं तेव्हा अठराच्या अठरा जीव कड्यावर होते.

पंधरवड्याने कुमक आली आणि वेढा उठला. गनिमाच्या रिकाम्या तळामागे चंद्रीचं प्रेत सापडलं. सदरेवर किल्लेदारांनी विचारलं, "घळीतली वाट गनिमाला कोणी सांगितली?"

"कोणी नाही. गाठ पडली एवढंच," सगुणाबाई म्हणाल्या. ज्याची लेक गेली, त्याचा जीवही घ्यायचा, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

"पंचवीस बंदुका उगाच गाठ घालत नाहीत. दौलोजी तिकडचाच होता. फितुराच्या घरच्यांना गडावर थारा नको. लिहा, चिटणीस."

सगुणाबाईंना कळून चुकलं: जित्याला वाचवताना आपण मेलेल्याला काळं फासलं होतं. त्यांचे ओठ हलायच्या आत हैबती पुढे आला आणि त्याने डोईचं मुंडासं पायरीवर ठेवलं.

"दौलोजीराव न्हवं, सरकार. फितूर मी."

"हैबती, गप्प राहा!" सगुणाबाई ओरडल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. "पोर गेली, बाईसाहेब. आता खोटं कुनापायी बोलू?"