थोपटलं की सोडायचं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या पुतणीच्या बाबतीत घडलेली.

भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, रात्र लागते. इथे दोन्ही नाही. भर दुपार होती. जागा म्हणजे खेळाडूंच्या वसतिगृहामागची लाँड्री आणि तिच्या तळघरातली चादरी वाळवायची खोली. बाहेर लख्ख ऊन होतं. वरच्या मजल्यावर पहारेकऱ्याचा रेडिओ चालू होता.

तिनं मला सांगितलं तसंच लिहितो. मधे माझं शहाणपण घालत नाही, कारण या बाबतीत ते माझ्याकडे नाही.

पुतणी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ज्युदो खेळायची. घरात तिला सगळे घोरपड म्हणायचे. रांगत असल्यापासून एखादी वस्तू हातात आली की तिच्याकडून सोडवून घेताना मोठ्या माणसांना घाम फुटायचा. पुढे हीच पकड कामाला आली. समोरच्या मुलीच्या कॉलरला घोरपडीचा हात लागला की ती मुलगी तिथेच अर्धी हरायची.

त्या वर्षी निवड चाचणी दुसऱ्या शहरात होती. सर आणि बाकीच्या मुली बसनं मागून येणार होत्या. घोरपड दोन दिवस आधी एकटीच रेल्वेनं निघाली. कारण सरांना सांगण्यासारखं नव्हतं.

वजन दीड किलो जास्त भरत होतं.

गटाच्या वजनावर काटा केसभर जरी गेला, तरी मॅटवर पाय ठेवू देत नाहीत. चार वर्षांची मेहनत काट्यावरच संपते.

वसतिगृह रिकामं होतं. पोचल्या पोचल्या तिनं दोन स्वेटर चढवले, वर प्लास्टिकचा रेनकोट घातला आणि लांबलचक बोळात पळत सुटली. वळणावर एका बाईवर आदळली. बाई धिप्पाड. खांद्यावर चादरींचं बोचकं.

"चोर आहेस की वेडी?" बाईनं विचारलं.

"वजन उतरवतेय."

"अगं बाई! आणि मी तीस वर्षं चढवतेय. थोडं मला दे, हिशेब मिटला."

ही लाँड्रीवाली मावशी. वय साठीच्या आसपास, तोंडाचा पट्टा अखंड चालू. घोरपड मुळात घुमी. घरी दिवसाला चार वाक्यं बोलली तरी तिची आई खूश व्हायची. पण या बाईशी तिचं पहिल्या तासातच गूळपीठ जमलं. घरातलं घोरपड हे नावही तिनं सांगून टाकलं.

मावशीनं तिला तळघरात नेलं. कपड्यांची बोचकी तोलायच्या काट्यावर उभं केलं. "दीड किलो? एवढी तर माझी जीभ भरेल," म्हणाली आणि एक जड दार उघडलं.

आतली हवा तोंडावर आली. भिंतींवर वाफेचे पाइप, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, तापलेल्या सुताचा आणि साबणाचा वास.

"इथे बैस. धावायची गरज नाही. आपोआप वितळशील."

कोपऱ्यात जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. चांगलं अर्ध्या दाराएवढं. त्यावर कोळशाच्या जुन्या इस्त्र्यांचा ढीग रचलेला.

"हे काय, मावशी?"

"टाकी आहे खाली. आता वापरत नाही कुणी, पण पाझरून पाणी साठतंच."

"आणि इस्त्र्या?"

"झाकण वाजतं. माझ्या आधीच्या बाईनं सांगितलं होतं, इस्त्र्या हलवू नकोस."

"का?"

"तिला कुठे ठाऊक होतं! तिला तिच्या आधीचीनं सांगितलं होतं." मावशी हसली. "मी तर त्या कोपऱ्यात जातच नाही. सगळं आयुष्य पाण्यात गेलं माझं, पोहता मात्र येत नाही."

मावशी कामाला गेली. घोरपड भिंतीला टेकून बसली. घाम ठिबकत होता. डोळे मिटत होते...

थप् थप्.

तिनं डोळे उघडले.

चादरी स्थिर होत्या. पाइप सूं-सूं करत होते.

पुन्हा... थप् थप्.

उघड्या तळव्याचा आवाज. आणि झाकणाच्या खालून.

ज्युदो खेळणाऱ्यांना हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. मान आवळली गेली, हात मुरगळला, सहन होईना, की खेळाडू दोनदा थोपटतो. समोरच्याच्या अंगावर, नाहीतर मॅटवर. थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी. पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असतो. घोरपड आठव्या वर्षापासून तो गिरवत होती.

तिनं मावशीला सांगितलं.

"पाइपात हवा अडकते गं," मावशी म्हणाली. पण कोपऱ्याकडे न बघता म्हणाली. मग लगेच, "थोपटलं की सोडतेसच? चिडलेली असलीस तरी?"

"विचार करावा लागत नाही मावशी. हात आपोआप उघडतो."

"थापा."

संध्याकाळी घोरपड दमून चादरींच्या ढिगावर झोपली. हातात मावशीच्या ॲप्रनचं टोक होतं. मावशीनं ओढून पाहिलं. सुटेना. मग तिनं हळूच तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

झोपेतच मूठ उघडली.

मावशी इतकी हसली की घोरपड दचकून उठली. "अगं, तुला कळ आहे की! तुझ्या नवऱ्याला सांगून ठेवलं पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा किलो उरला होता. घोरपडीच्या पोटात अन्न नव्हतं. पाणीही गुळणीपुरतंच. मावशी तिच्यासमोर बसून पाव आणि जॅम खात होती. "तू बघ, मी खाते. मैत्रीत कामं वाटून घ्यावीत." चाचणीच्या दिवशी सुट्टी घेऊन ती सामना बघायला येणार होती. आरोळ्या कधी मारायच्या, तेही विचारून घेतलं.

दुपारी मावशी धुतलेल्या चादरी घेऊन वर गेली.

घोरपड आत एकटी.

आणि ते सुरू झालं.

थप् थप्.

ती ऐकत राहिली.

थप् थप्... थप् थप्...

आता मधे उसंत नव्हती. आवाज घाईचा होता. मान अडकलेला खेळाडू शेवटी शेवटी थोपटतो तसा. आणि हळूहळू क्षीण होत चाललेला...

"कोण आहे?" ती ओरडली.

थप्... थप्.

मी तिला विचारलं होतं, तू उठून बाहेर का नाही गेलीस? ती म्हणाली, "काका, कुणीतरी थोपटत होतं. आणि कुणीच सोडत नव्हतं."

तिनं इस्त्र्या उचलून बाजूला टाकल्या. कडीला दोन्ही हात घातले. झाकण बिजागऱ्यांवर करकरत वर आलं. तिनं ते भिंतीला टेकवलं.

आवाज थांबला.

खाली काळं पाणी. पलीकडच्या भिंतीला गंजलेली शिडी. बाकी काही नाही. कुणी नाही.

मग तिच्या लक्षात आलं... पाइपांची सूं-सूंही थांबली होती. वरचा रेडिओसुद्धा.

दार उघडलं. मावशी.

"काय केलंस हे!"

घोरपडीनं तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मावशी झाकण लावायला धावली. जमिनीवर इस्त्र्या पसरल्या होत्या. तिचा पाय अडकला. ती तशीच पुढे गेली... आणि जमीन संपली.

घोरपड पोटावर पडली. कशी, ते तिलाही कळलं नाही. पण मावशीची दोन्ही मनगटं तिच्या दोन्ही मुठींत होती.

मावशी लोंबकळत होती. पाय शिडीपर्यंत पोचत नव्हते.

"धरलंय मी, मावशी. हलू नका."

"धर गं घोरपडी," मावशी धापा टाकत म्हणाली. "वजन... मी उतरवायला हवं होतं."

घोरपड जोरात ओरडली. वरून पहारेकऱ्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली. दोन दिवस उपाशी असली तरी ती पकड होती. कितीही वेळ टिकली असती. हे ती आजही शपथेवर सांगते.

पहारेकरी दारात आला.

आणि तिच्या दंडावर... कोपराच्या वर...

थप् थप्.

ओला तळवा. गार.

तिची बोटं उघडली.

मावशीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवल होतं. खाली जाताना ती एवढंच म्हणाली,

"का गं?"

मावशीला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. पडताना डोकं शिडीवर आपटलं होतं. पाणी छातीएवढंच होतं, पण शुद्ध नसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. टाकी पूर्ण उपसली. आत दुसरं काही सापडलं नाही.

सगळ्यांनी घोरपडीची समजूत घातली. हात घामेजलेले होते, निसटले असतील. पोटात अन्न नाही, डोक्याला उष्णता चढलेली, भास झाला असेल. सर म्हणाले, पहारेकरी म्हणाला, मीही म्हणालो. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं.

"निसटले नाहीत. मी सोडले."

"अगं, मग तिनंच थोपटलं असेल. घाबरून."

"कशानं थोपटेल, काका? तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते."

चाचणीच्या दिवशी ती काट्यावर चढलीच नाही. पुन्हा कधी मॅटवरही गेली नाही.

आता ती औषधांच्या दुकानात काम करते. बाटली कधी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, काउंटरवर ठेवते. कुणाचं तान्हं बाळ घेत नाही. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. घोरपड तिला शाळेत नेते ती आपला जुना ज्युदोचा पट्टा बांधून. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं मुलीच्या. लोक हसतात. "पोरगी आहे की वासरू?" म्हणतात.

मीही हसलो होतो. तेव्हा तिनं मला हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

मागच्या आठवड्यात ती तापानं फणफणली होती. मुलीला शाळेत सोडायचं माझ्यावर आलं. घोरपडीनं अंथरुणात उठून बसून पट्ट्याच्या गाठी स्वतः मारल्या.

कोपऱ्यावर दोन ओळखीचे गृहस्थ उभे होते. मला लाज वाटली. मी पट्टा सोडून पिशवीत टाकला आणि मुलीचा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती.

आम्ही रस्त्याच्या मध्यावर आलो. डावीकडून ट्रक येत होता. मी थांबलो...

माझ्या दंडावर कुणीतरी थोपटलं.

थप् थप्.

सदरा तिथे ओला झाला.

मी जन्मात कुठला खेळ खेळलेलो नाही. शाळेत कवायतीलाही आजारपणाची चिठ्ठी घेऊन जायचो. माझ्या हाताला कुणी काही शिकवलेलं नाही. दचकलो की तो घट्ट मिटतो, एवढंच त्याला येतं.

तो मिटला.

ट्रक गेला. पलीकडे पोचेपर्यंत मी मुलीकडे पाहिलं नाही. फुटपाथवर मी खाली बसलो आणि पट्टा काढून बांधू लागलो. गाठ बसेना.

"आजोबा, हात दुखला माझा."

"हो बाळा. चुकलं."

"तुम्ही सोडलं का नाही? थोपटलं की सोडायचं असतं."

घोरपडीनं मुलीला त्या खेळातलं अक्षरही सांगितलेलं नाही. घरात तो शब्द निघत नाही.

"तुला कुणी सांगितलं हे?"

ती बाटलीचं झाकण उघडत होती. मान वर न करता म्हणाली,

"मावशीनं."

मुलं शेजारच्या कुठल्याही बाईला मावशी म्हणतात. मी स्वतःला तेच सांगतो आहे. घोरपडीला अजून सांगितलेलं नाही. तिचा ताप उतरला आहे, पण शाळेत मीच नेतो म्हणालो. पट्टा बांधून. कोपऱ्यावरच्या लोकांना हसायचं तर हसू दे.

घोरपड एकुलती एक आहे. तिला बहीण नाही.