एका भाडेकरारासाठी एकेचाळीस तास

शनिवार. काम: मोफत कायदा सल्ला शिबिर. वेळ: सहा मिनिटं.

आमच्या फर्मचा नियम असा, की प्रत्येक वकिलाने वर्षाला पन्नास तास फुकट सेवा द्यायची. फुकट असली तरी दर सहा मिनिटांची नोंद ठेवायची. पहिल्या सहा मिनिटांत मी एका आजोबांना मृत्युपत्र समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे गं पोरी, पण डोळे कधी तपासणार?"

शेजारच्या टेबलावर मोफत नेत्रतपासणी होती. तिथला चष्मेवाला एका काकूंना विनवत होता, "सासूबाईंचं घर तुम्हाला मिळेल का, ते मला नाही सांगता येणार. तुम्ही खालची ओळ वाचा ना."

आमच्या दोन टेबलांच्या पाट्यांची अदलाबदल झाली होती. आम्ही बदलल्या. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. आधी चष्म्यातून, मग चष्मा काढून.

त्याच दिवशी. काम: अशिलाशी प्राथमिक चर्चा. वेळ: छत्तीस मिनिटं.

गर्दी ओसरल्यावर तो स्वतःच्या दुकानाचा भाडेकरार घेऊन आला. मालक आठ दिवसांत जागा सोडा म्हणत होता.

"आठ दिवसांत गिऱ्हाइकाची फ्रेमसुद्धा ठरत नाही, वकीलबाई."

करारात जागा सोडायला तीन महिन्यांची मुदत स्पष्ट लिहिली होती. मी मालकाला एक नोटीस धाडली. तो नरमला आणि त्याने करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवून दिला. एकूण काम, दोन तास.

पुढचा महिना. काम: जागेची पाहणी. वेळ: तीन तास. पुन्हा तीन तास. पुन्हा…

वेळ खरी होती. काम म्हणाल तर — मी अकरा फ्रेमी लावून पाहिल्या. माझे डोळे ठणठणीत आहेत.

"ही कशी दिसते?" मी विचारलं.

"फ्रेम होय… फ्रेमकडे बघायचं राहिलंच."

सोमवार. काम: वरिष्ठांशी चर्चा. वेळ: सहा मिनिटं. जास्त वाटली.

"एका भाडेकरारासाठी एकेचाळीस तास?" मॅडमनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

"गुंतागुंतीचं आहे, मॅडम."

"करार दोन पानांचा आहे. आणि जागेची पाहणी तेरा वेळा. दुकान केवढं आहे?"

"दहा बाय बारा."

मॅडमनी नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "तो तुझा अशील आहे तोवर हे चालणार नाही. आज फाइल बंद कर. आणि हे एकोणचाळीस तास पुन्हा भरायचे. खरेखुरे."

तासांचं काही नाही. पण फाइल बंद, म्हणजे त्या दुकानात जायचं कारणही बंद.

सोमवार, दुपार. काम: समाप्तीपत्र देणे.

त्याने पत्र मोठ्याने वाचलं. "'आजपासून आपला व आमचा कोणताही संबंध राहणार नाही.'… माझं काही चुकलं का?"

"मजकूर छापील असतो. सही करा."

"नाही करणार. मला अजून एक कायदेशीर अडचण आहे."

"कोणती?"

"थांबा जरा. आठवतोय."

"अहो, सही करा. तुम्ही माझे अशील आहात तोवर मला पुढचं बोलता येत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिन्ही प्रतींवर इतक्या घाईने सह्या ठोकल्या, की तिसरीवर आडनाव अर्धंच राहिलं.

"बोला."

कोर्टात मी कधी अडखळत नाही. इथे मात्र — "मला… म्हणजे… तुम्ही…"

"मलाही," तो म्हणाला. "खरं सांगू? उद्या मालकाशी मुद्दाम भांडण काढणार होतो. नवी केस व्हावी म्हणून."

मी हसले, आणि तेवढ्यात त्याने माझा हात धरला. पेनासकट.

"पण आता उद्या खरंच वकील लागला तर?"

"मी नाही चालणार. दुसरा बघायचा."

"कसा बघू?"

"पुरुष," मी म्हटलं. "साठीच्या पुढचा."